द्राक्षकन्येच्या माहेरी

मराठी कवितेत द्राक्षाचे पीक फार थोडे येते. आंबा, बोर, करवंद, जोंधळ्याचे कणीस, उसाचे पेर यांना आमच्या कवींनी मायेने वाढवले. द्राक्ष मात्र आपल्याकडे आले ते एक तर कोल्ह्याला आंबट लागण्यापुरते, नाही तर फारसीच्या वाटेने. माधव जूलियन यांनी फिट्झेराल्डचा उमर खय्याम मराठीत आणला तेव्हा त्या पुस्तकाला नाव दिले 'द्राक्षकन्या'. फारसी कवींच्या लेखी मदिरा ही द्राक्षवेलीची लेक. हे नाव आम्ही गेली वीस वर्षे वर्गात फळ्यावर लिहीत आहोत आणि समोरच्या बाकांवरील मुले ते वहीत उतरवून घेत आहेत. त्यांतल्या काहींच्या घरी द्राक्षबागा असतात. परंतु ही कन्या आमच्याच बागेतली का, असे आजवर कोणी विचारलेले नाही. पाठ्यक्रमातले द्राक्ष आणि बांधावरचे द्राक्ष ही दोन निराळी फळे आहेत, अशी वर्गाची समजूत असावी.

आम्ही म्हणजे साताऱ्यात मराठी शिकवणारे एक जोडपे. एकीचे माहेर सांगलीचे, त्यामुळे कृष्णाकाठ आम्हाला अपरिचित नाही. संक्रांतीला जमेल तेव्हा औदुंबरला जायचे, हाही परिपाठ. तेथे सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन भरते. नदीचा घाट, दत्ताचे देऊळ, तिळगूळ आणि कविता असा तो योग असतो. या वर्षी तेथे आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. पलूस तालुक्यात दिलेली, दोन मुलांची आई, हातात कवितांची वही तीच. "सर, मॅडम, फेब्रुवारीच्या अखेरीस या. माल उतरवायचा असतो तेव्हा. आमच्याकडे बेदाणा होतो, वाईनपण होते." शेवटचे दोन शब्द तिने किंचित खालच्या आवाजात उच्चारले. मंडपात कविसंमेलन चालू होते म्हणून, की आणखी कशामुळे, ते तेव्हा कळले नाही.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आहेत, ही गोष्ट आम्हाला नेहमी थोडी कृत्रिम वाटते. जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि आजूबाजूचे संस्थानी मुलूख मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कोल्हापूरच्या गाडीने निघाले की हद्द केव्हा ओलांडली ते समजत नाही. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, मग शेणोली. येथे ७ जून १९४३ रोजी तूफान सेनेने पगाराची रोकड नेणारी गाडी लुटली होती. पुढे ताकारी, मग किर्लोस्करवाडी. आम्ही तेथे उतरलो. स्टेशनापासून जवळच कुंडल आहे, प्रतिसरकारचे मोठे केंद्र. क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या त्या सरकारने या गावांतून न्यायदान मंडळे चालवली, थोड्या खर्चाची गांधी लग्ने लावली आणि दारूबंदी अमलात आणली. गावातल्या दारूच्या भट्ट्या मोडून काढणे हे त्या राज्यकारभाराचे एक अंग होते. इंग्रजांना धाकात ठेवणाऱ्यांनी गुत्तेवाल्यांनाही धाकात ठेवले, याचा अभिमान आजही इकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ऐकू येतो.

याच पलूसला पुढे वाईन पार्क झाला. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाईनला उत्पादन शुल्कातून सूट दिली आणि दोन ठिकाणी औद्योगिक जागा राखल्या: नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला. नाशिकचे नाव झाले. पलूसला तसा बहर आला नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या सासरच्यांनी त्याच सुमारास, पार्कात नव्हे तर आपल्याच रानात, परवाना काढून शेड उभी केली. ती अजून चालू आहे. अजून, हा शब्द त्या दिवसभरात आम्ही त्या घरातील प्रत्येकाच्या तोंडून ऐकला.

बागेत पोचलो तेव्हा पुरते उजाडले नव्हते. वाईनची द्राक्षे थंडीतच तोडायची असतात. ऊन चढले की मणी तापतो आणि रस क्रेटमध्येच फसफसू लागतो. मांडवाखाली बायकांची टोळी कात्र्या घेऊन पुढे सरकत होती. एकीच्या कपाळाला विजेरी बांधलेली. घड हातात धरायचा, देठाला कात्री लावायची, कुजका मणी असेल तर तेवढा उडवायचा आणि घड क्रेटमध्ये ठेवायचा, टाकायचा नाही. जात शिराझ. घड लहान, मणी वाटाण्याएवढा, काळाभोर, साल जाड आणि आत बी. आम्ही एक तोंडात टाकला. गोड होता, अगदी घसा धरण्याइतका गोड. पण बाजारातून किलोभर आणावा असे ते फळ नव्हे. चघळल्यावर साल आणि बी यांचा तुरटपणा जिभेवर राहतो. धाकटे दीर (विद्यार्थिनीचे, आमचे नव्हेत) कृषी पदवीधर आहेत. त्यांनी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक मणी पिळला आणि आम्हाला बघायला दिला. निळी-पांढरी रेघ तेविसाच्या थोडी वर. "खायच्या द्राक्षाला सतरा-अठरा ब्रिक्स आला की व्यापारी उचलतो. हिला बावीस-चोवीस लागतो. तोवर थांबायचं. थांबण्यातच जीव जातो."

पलीकडच्या रानात खाण्याची द्राक्षे होती. तास-ए-गणेश ही त्यांतली जुनी जात. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांना थॉमसन सीडलेसच्या बागेत एका वेलीवर वेगळे, लांबट मणी दिसले. त्यांनी ती काडी निवडून वाढवली आणि त्यातून ही जात आली. विद्यापीठाबाहेर, बांधावर उभे राहून केलेले हे संशोधन. जातीच्या नावातच तासगाव आहे आणि तेथला गणपतीही. या द्राक्षाची सरबराई पाहून आम्ही थक्क झालो. एप्रिलात खरड छाटणी, तेव्हा काडीच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड धरतो. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, मग डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट. फुलोऱ्यात पाऊस आला तर डाऊनी, थंडीत भुरी, आणि दोन्हींसाठी फवारण्या. घडाची विरळणी, लांबी-फुगवणीसाठी संजीवकात घड बुडवणे, मण्यावर डाग पडू नये म्हणून पानांची हलवाहलव. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आमच्याकडे तिला झोप नाही, म्हणून दोनदा छाटून एकदाच पीक घ्यायचे. तिकडे तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरात, आपली फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमकी आमच्या विद्यापीठाच्या परीक्षांच्या तोंडावर. द्राक्षबागाईतदारांची मुले शेवटच्या सत्रात गैरहजर का राहतात, याचे दुसरे स्पष्टीकरण शोधण्याची गरज नाही.

न्याहारीला घरी गेलो. ओसरीवर आबा बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात तुळशीची माळ. आषाढी वारी पन्नास वर्षे चुकलेली नाही, असे मोठ्या मुलाने सांगितले. आबांनी पहिल्यांदा आमच्या ओंजळीत बेदाणे घातले, हिरवट सोनेरी, लांब. मग म्हणाले, "द्राक्ष म्हंजी लेक हाय बगा, मास्तर. पिकली की घरात ठिवता येत न्हाई. धा दिवसात वाटंला लावावीच लागती, मग सोयरा कसाबी असू द्या."

आमच्यापैकी एकीला ही उपमा रुचली नाही आणि तिने ते तेथेच सांगितले. आबा हसले. "न्हाई रुचायची. आमच्या सूनबाईंनाबी रुचत न्हाई. पर व्यापाऱ्याम्होरं उभं ऱ्हायल्यावर बापाला काय वाटतं ते म्या सांगतुया." आणि मग त्यांनी जे सांगितले ते ऐकताना न्याहारी निवून गेली. व्यापारी रानात येतो. घड हातात धरून दर बोलतो, थोडा विसार देतो. आठ दिवसांनी आकाशात ढग येतो आणि दर पडतो. ढग गेला, तरी दर वर येत नाही. माल गाडीत भरला जातो, पैसे पुढच्या आठवड्यात. एका वर्षी परराज्यातला एक व्यापारी आसपासच्या बऱ्याच बागा उचलून गेला तो गेलाच. फोन बंद, गाळा रिकामा. अशा हकिकती सांगली जिल्ह्यात दर हंगामाला ऐकू येतात, म्हणून आबांच्या सांगण्यात तक्रारीचा सूर फारसा नव्हता. २०१९ मध्ये ऑगस्टात कृष्णेचा महापूर आला आणि त्यातून सावरून छाटण्या झाल्या तोवर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीने फुलोरा कुजवला, तेही त्यांनी अशाच सपाट आवाजात सांगितले. आवाज चढला तो फक्त एकदा. मार्च २०२०. माल ऐन तोडणीला आलेला आणि देश बंद. एकही गाडी रानात यायला तयार नव्हती.

"मग काय केलं?"

"रॅकवर टाकलं. समदंच्या समदं."

रॅक म्हणजे बेदाण्याची शेड, आणि हा भाग थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण सांगलीच्या द्राक्षाची निम्मी कहाणी तेथे आहे. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. त्याने मण्यावरील मेणाचा थर विरघळतो आणि आतला ओलावा लवकर बाहेर पडतो. मग एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर सावलीत पसरायचे. दोनेक आठवडे कोरडा वारा लागला की मणी सुकतात, गंधकाची धुरी दिली की रंग खुलतो. पुढे देठ झाडायचे, प्रतवारी करायची. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तासगाव, कवठेमहांकाळ या बाजूची हवा कोरडी म्हणून हा धंदा तिकडे फोफावला. तासगावला आणि सांगलीला बेदाण्याचे सौदे निघतात, शीतगृहांतून माल ठेवता येतो, आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. महत्त्वाचा शब्द 'ठेवता येतो' हा. ताजे द्राक्ष घेऊन शेतकरी व्यापाऱ्यासमोर उभा असतो तेव्हा त्याच्या हातात आठवडा असतो. बेदाणा घेऊन उभा असतो तेव्हा वर्ष असते. दर पडला तर तो पेटी उचलून परत शीतगृहात ठेवू शकतो. २०२० मध्ये हे घर तगले ते त्या रॅकमुळे, असे मोठे दादा म्हणाले.

वाईन हा असाच दुसरा उपाय. हे आमच्या आधी ध्यानात आले नव्हते, कारण पुस्तकातून जी वाईन भेटते ती चषकात ओतलेली असते. तिच्याकडे बागाईतदाराच्या बाजूने बघितले तर ती बेदाण्याची सख्खी बहीण आहे. दोघींनी फळाचे नाशवंतपण थोपवून धरलेले असते, एकीने पाणी काढून टाकून, दुसरीने साखरेचे मद्यार्कात रूपांतर होऊ देऊन. पण एक उपवासाला चालते, सत्यनारायणाच्या प्रसादात पडते, बाळंतिणीला देतात. आणि दुसरीचे नाव औदुंबरच्या मंडपात हलक्या आवाजात घ्यावे लागते.

शेड घरापासून चारशे पावलांवर. आबा शेडच्या दारापर्यंत आले आणि तेथील लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. आत ते कधी आलेले नाहीत. वीस वर्षांत एकदाही नाही.

आतली व्यवस्था लहान, स्वच्छ आणि एखाद्या दूधडेअरीसारखी. ज्यांच्या मनात ओक लाकडाची पिंपे आणि कमानींची तळघरे असतील त्यांनी ती बाहेर ठेवावीत. क्रेट यंत्रात रिकामे होतात, यंत्र देठ बाजूला फेकते आणि मणी फोडते. साली-बियांसकट तो लगदा पोलादी टाकीत जातो. लाल रंग सालीत असतो, रसात नव्हे. काळ्या द्राक्षाचाही रस पांढुरकाच निघतो, आणि साल आत किती दिवस मुरते त्यावर वाईनचा रंग आणि तुरटपणा ठरतो. पांढऱ्या वाईनला साली आधीच काढून टाकतात. यीस्ट कामाला लागले की टाकी गरम होते, वायू सुटतो आणि साली फुगून वर टोपीसारख्या जमतात. ती टोपी दिवसातून दोन-तीनदा पुन्हा रसात दाबावी लागते. धाकट्यांनी काडी पेटवून टाकीच्या तोंडाशी धरली. ती तत्काळ विझली. "म्हणून टाकीत एकट्यानं उतरायचं नाही. वास येत नाही, दिसत नाही, माणूस बसल्या जागी जातो." आणि त्या शेडमध्ये आवाज होता: बारीक, अखंड, पावसाळ्यात गवतातून यावा तसा बुडबुड्यांचा. आंबणे या क्रियापदाशी आम्ही फक्त इडलीचे पीठ आणि बिघडलेली भाजी जोडत आलो. त्याला इतका जिवंत नाद असतो हे ठाऊक नव्हते.

टाक्यांची तापमाने, ब्रिक्सची उतरण, कोणत्या दिवशी किती लिटर, याची नोंदवही आमची विद्यार्थिनी लिहिते. उत्पादन शुल्क खात्याला हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे थेंबाथेंबाची नोंद. अक्षर तेच, वळणदार. एम.ए.च्या उत्तरपत्रिकेत असते तसे प्रत्येक पानाला समास सोडलेले. आम्ही वही चाळत होतो तेव्हा तिने विचारले, "मॅडम, वाईनला मराठीत काय म्हणायचं? सासूबाईंच्या भिशीत बोलताना अडतं."

प्रश्न साधा, पण मराठीची दोन माणसे तिथे काही वेळ गप्प होती. मदिरा, वारुणी, सुरा हे शब्द नाटकी, मद्य सरकारी, दारू म्हटले की संपलेच, त्यात देशी, हातभट्टी आणि बायकोच्या अंगावरचे वळ सगळे येते. द्राक्षासव हा शब्द मात्र आहे, आणि तो औषधाच्या दुकानात आहे. चरकाने फळांमध्ये द्राक्षाला श्रेष्ठ मानले, वैद्यांनी त्याची आसवे-अरिष्टे केली, आणि त्या आसवांत आंबवण्यातून मद्यार्क आपोआप तयार होतो, हे कोणी लपवलेले नाही. "मग द्राक्षासवच म्हणा," आम्ही सुचवले. ती खळखळून हसली. आबा रात्रीच्या जेवणानंतर रोज दोन चमचे द्राक्षासव घेतात. वैद्यांनी सांगितले आहे. बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात असते.

यावरून आबांच्या सोवळेपणाची थट्टा करण्याचा मोह आम्हाला झाला नाही. माळ घातलेल्या माणसाची मर्यादा ही त्याने स्वतः आखलेली असते आणि ती रसायनशास्त्रावर बेतलेली नसते. शिवाय मराठी मनात दारूची जी भीती आहे ती पोकळ नव्हे. आमचे नाट्यवाङ्मय तिच्यावर उभे आहे. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'विद्याहरण' या नाटकात (१९१३) शुक्राचार्यांचे मद्यपान हेच अनर्थाचे मूळ. सहा वर्षांनी रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने तर घराघरात हलकल्लोळ केला. त्यातील तळीराम हे विशेषनाम पुढे मराठीत सामान्यनाम झाले, आणि सिंधू ही आजही आमच्या वर्गातल्या मुलींना चीड आणणारी नायिका आहे. वाईनचे कौतुक करणाऱ्याने सिंधूच्या डोळ्याला डोळा भिडवून ते करावे, एवढेच आमचे म्हणणे.

पण वादाची जागा कोणती, हेही पाहायला हवे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून, म्हणजे एक हजार चौरस फुटांहून अधिक जागेच्या सुपरमार्केटांतून, वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, राजकीय पक्ष परस्परांवर तुटून पडले, आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. त्या दिवसांत एक वाक्य सर्वतोमुखी होते: वाईन म्हणजे दारू नव्हे. त्यावर हो आणि नाही असे दोन तट पडले. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर या वाक्यात दोन नामे आहेत आणि एक नकार. वाईन करणारा त्यात कर्ता म्हणूनही नाही आणि पिणारा कर्म म्हणूनही नाही. शेतकऱ्याच्या हिताचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले, परंतु या शेडमधल्या माणसांची अडचण त्या वादात कोठेच नव्हती.

अडचण मोठ्या दादांनी सांगितली, शेडच्या बाहेर, लिंबाखाली. २००१ च्या धोरणानंतर बँका कर्ज द्यायला तयार होत्या, वाईनच्या जातींची रोपे मिळत होती, एका बड्या कंपनीने लेखी करार करून सगळी द्राक्षे आणि पुढे टाकीतली वाईनही घेण्याचे कबूल केले. या घराने सहा एकर लावले. २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाईनचा खप बसला. पुढच्या दोन हंगामांत कंपनीने फोन उचलले नाहीत. राज्यभर शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा कुऱ्हाडीने तोडल्या. यांनी साडेचार एकर तोडले, दीड एकर ठेवले. "म्हणजे बघा सर," दादा म्हणाले, "व्यापारी नको म्हणून टाकी घेतली, आणि टाकीला पुन्हा एकच गिऱ्हाईक." बेदाण्याला तासगावात बोली लावणारे पुष्कळ असतात. टाकीतल्या वाईनला मात्र परवान्याशिवाय हात लावता येत नाही, बाटली भरून स्वतःच्या नावाने विकायची तर लेबल, जाहिरात, वितरण आणि नाशिकच्या मोठ्या नावांशी स्पर्धा. फळाला थोपवून धरता आले, पण थोपवून धरलेले विकण्याची वाट अरुंद. नीतीच्या प्रश्नावर महाराष्ट्र महिनोन्महिने भांडला. या दुसऱ्या प्रश्नावर एक दिवसही भांडला नाही, आणि आमच्या मते पलूसची बाग त्या दुसऱ्या प्रश्नाने वाळली.

दुपारी टोळीतल्या बायका भाकरी सोडून बसल्या तेव्हा आमच्यापैकी एक त्यांच्यात जाऊन बसली. टोळीच्या पुढे असणाऱ्या मावशी पन्नाशीच्या. गावात उभी बाटली-आडवी बाटली असे मतदान झाले तेव्हा दारोदार हिंडून बायकांना बाहेर काढणाऱ्यांत त्या होत्या. गावच्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद, असा तो नियम. त्यांच्या गावचे दुकान बंद झाले. "आमचं मालक त्याच्या आदीच गेलं हुतं. पर दुसरीचं तरी वाचावं." मग वाईनच्या बागेत कात्री कशी चालवता, हा प्रश्न विचारावा की नाही, असे मनात चालले होते, तो मावशींनीच पुरा केला. "तुमी इचारणार, मग हितं कशी? अवो, ह्या बाटलीचं आमच्या गावात गिऱ्हाईक न्हाई. हिची किंमत आमच्या आठवड्याच्या हजेरीएवढी. आमच्या घरातलं माणूस ही पीत न्हाई, ते पितं ती बंद झाली तर बाजारच्या गावास्नं आणतं." थोडे थांबून, भाकरीचा तुकडा मोडत, "शेरातल्या बाईच्या घरी काय हुतं ते आमास्नी ठावं न्हाई. तिलाबी मार बसत आसंल तर ती बगंल." शेजारची तरुण पोर हसली, मावशी हसल्या नाहीत.

हे उत्तर आम्ही परतीच्या गाडीत पुन्हा पुन्हा उलटसुलट केले. सौम्य मद्य आले की जहाल मद्य मागे पडते, असा एक युक्तिवाद वाईनच्या बाजूने केला जातो. मावशींच्या गावात तरी दोन बाटल्यांची गाठच पडत नाही, मग एकीने दुसरीला हटवण्याचा प्रश्न कोठून यावा? आणि वाईनमुळे संस्कृती बुडेल म्हणणाऱ्यांना मावशींची हजेरी दिसत नाही, जी या दीड एकरावर खाण्याच्या बागेपेक्षा कमीच पडते, कारण वाईनच्या द्राक्षाला विरळणी-बुडवणीचा लवाजमा नसतो. म्हणजे शिराझची बाग तोडली तर मजुरी वाढेल. हे गणित आम्हाला कोणत्याही अग्रलेखात आढळले नव्हते.

निघण्यापूर्वी धाकट्यांनी मागील वर्षीच्या टाकीतली थोडी वाईन दोन स्टीलच्या पेल्यांत आणली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य प्यायला परवाना लागतो, ही गोष्ट आम्हाला आठवली. तो एका दिवसापुरताही मिळतो, पण त्या रानात तो कोठून आणणार? म्हणून आम्ही वास घेऊन भागवले, असे लिहून ठेवतो. वासात जांभूळ होते, मिरी होती आणि पावसात भिजलेल्या चामड्याच्या चपलेचा किंचित दर्प. धाकटे आमच्या चेहऱ्याकडे विद्यार्थ्याने निकालाकडे बघावे तसे बघत होते. "चांगली झाली आहे," आम्ही म्हणालो. तुलना करण्याइतके ज्ञान आम्हापाशी नाही, पण चार महिन्यांची राखण त्या वासात होती एवढे खात्रीने सांगता येईल. बाहेरून आबांनी हाक मारून विचारले, "किती उतरलं रं आज?" "सहावर आला, आबा." "थंड ठिव." टाकीतल्या साखरेची रोजची उतरण त्यांना तोंडपाठ असते. आत न येता.

सूनबाईंनी बेदाण्याचा डबा भरून दिला. बाटली दिली नाही, आणि आम्ही मागितली नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिचा संदेश आला. खरड छाटणी झाली. घरात दोन रात्री बोलणे चालले होते. शिराझच्या दीड एकरातील निम्म्या ओळी बुडख्यावर कापल्या आहेत, त्यांवर खाण्याच्या जातीचे कलम भरायचे ठरले. उरलेल्या निम्म्या ठेवाव्यात, असे आबाच म्हणाले. बेदाणा चांगल्या दराने गेला. तीन नंबरची टाकी अजून विकायची आहे.